वन्संनी लिहिलेली वहिनी

फोन आला तेव्हा मी टीव्हीवर पिक्चर बघत होते. दुपारचे तीन-सव्वातीन झाले असतील. पिक्चरमधल्या हिरोच्या भावाला गोळी लागली होती आणि तो हिरोच्या मांडीवर डोकं ठेवून बोलत होता. आईला सांभाळ, बहिणीचं लग्न कर, शेत विकू नकोस... चांगली पाच मिनिटं बोलला. मी नातसुनेला म्हटलं, याच्यापेक्षा कुणीतरी रिक्षा बोलावली असती तर वाचला असता. ती हसली, आणि तेवढ्यात तिचाच फोन वाजला. रोह्याहून महेश बोलत होता, माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. "काकीला दे," म्हणाला. मी फोन कानाला लावला.

"काकी, सुमनआत्या गेली."

"कधी?"

"आत्ता. चहा मागितला तिनं. मी आत जाऊन गाळून आणला, तेवढ्यात..."

मी "बरं" म्हटलं. आवरून निघते म्हटलं आणि फोन परत दिला. टीव्हीवरचा भाऊ अजून बोलतच होता. नातसुनेनं उठून टीव्ही बंद केला. खऱ्या मरणात कुणी काही सांगून जात नाही, चहा मागतं आणि चहा यायच्या आत जातं. हे मी सुमनला सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती. नंतर लिहून काढलं असतं. आणि लिहिताना त्यात काय घातलं असतं ते मात्र तिलाच ठाऊक.

सुमन माझी नणंद. तिला जाऊन आता दीड महिना झाला. माझं लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची परकरी पोर होती, नाक पुसायलाही मीच लागायचे, तरी सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की हिला वन्सं म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं. पन्नास-साठ वर्षं तोंडावर "अहो वन्सं" केलं. इथे मात्र मी तिला ती म्हणणार आहे. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं असं लोक मला सांगून गेले. चांगलं होतं ते लिहिणार आहे. वाईट केलं तेही लिहिणार आहे, कारण ते करताना तिनं छापून केलं, घरात बसून नाही.

आमचं गाव पेण तालुक्यातलं, गडबजवळचं. भातशेती, पावसाळ्यात चार महिने काम आणि पुढे वाल-पावटा. लग्नानंतर वर्षभरात आम्ही पेणला बिऱ्हाड केलं, कारण आमच्या ह्यांना भाताच्या गिरणीवर काम लागलं. दोन खोल्या, पुढे अंगण, मागे पडवी. सुमनला शाळेत हुशार म्हणून पेणच्या हायस्कुलात घातलं, तेव्हा ती आणि सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. मी चौथी शिकलेले. वाचता येतं, लिहिता येतं, हिशेब तोंडी येतो. हाताला पोह्याचे पापड येत होते आणि पेणला त्या कामाला तोटा नाही. पोहे रोह्याच्या गिरणीतले, पीठ आमच्या घरी दळून आणलेलं. लग्नसराईत आमच्या अंगणात सहा-सात बायका पोळपाट घेऊन बसायच्या आणि सुमन शाळेतून आली की ओले पापड उचलून उन्हात चादरीवर पसरायची.

पहिला पिक्चर आम्ही दोघींनी बघितला तो ह्यांच्याबरोबर, टॉकीजमध्ये बायकांच्या बाजूला बसून. कुठल्या तरी गरीब शेतकऱ्याचा होता. त्यात हिरोईन शेतात भाताची लावणी करत होती. पाऊस पडत होता, गाणं चालू होतं. मी सुमनच्या कानात म्हटलं, "वन्सं, हिच्या चिखलात पाणीच नाय. आणि रोपं बघा, धरलीत उलटी." ती इतकी हसली की पुढच्या बाईनं मागे वळून शिवी दिली. तेव्हापासून हा नाद लागला. तिला पिक्चर आवडायचा, मला पिक्चरमधली चूक पकडायला आवडायची. ती डोळे पुसायची, मी बघायचे की भाकरी थापणाऱ्या आईच्या हाताला पीठ लागलंय की नाही. बहुतेक वेळा लागलेलं नसायचं.

पुढे ती मास्तरीण झाली. रोह्याच्या शाळेत लागली आणि तिथेच राहिली. लग्न केलं नाही. का केलं नाही ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. शनिवारी सकाळची शाळा असायची. ती सुटली की रोह्याहून एसटीनं पेणला यायची, पुढे रेल्वे झाली तेव्हा रेल्वेच्या गाडीनं. जेवायची, आम्ही तीनचा खेळ बघायचो आणि मग स्टँडवर एकेक चहा. पिक्चर कसा होता ते त्या चहावर ठरायचं. मी काय बोलायचे त्यातलं बरंच विसरले, पण तिनं लिहून ठेवलं म्हणून काही आठवतं. एक भुताचा पिक्चर होता, त्यात वीस वर्षांपूर्वी मेलेली बाई पांढरं शुभ्र पातळ नेसून विहिरीवर येते. मी म्हटलं, हिचं पातळ धुतं कोण, आणि नीळ कुठली वापरते ते विचारायला पाहिजे. एकात हिरो मिठागरात अनवाणी नाचतो. आमच्या खाडीकडच्या बायका मिठावर काम करतात, त्यांच्या तळव्यांकडे कुणी बघावं. मी म्हटलं, याला नाचव अजून दोन कडवी, मग हिरोईन नको, मलमपट्टीवाली लागेल. एकात सासू सुनेला छळते आणि शेवटी सून तिला किडनी देते. त्यावर मी म्हटलं, आधी पिठाचा डबा सासूच्या हातात द्यायचा होता, किडनीपर्यंत गेलं नसतं.

सुमन यावर टेबलावर डोकं टेकून हसायची. "वहिनी गो, तू लिहायला पाहिजेस." मी म्हणायचे, "मी काय लिहू. तुम्ही मास्तरीण." हे मी थट्टेत म्हणत होते.

ती निवृत्त झाली, शाळेच्या मोठ्या बाई होऊन. मी तेव्हा चौसष्टची. आमचे हे आदल्याच वर्षी गेले होते, मुलगा आणि सून कंपनीत, शिफ्टप्रमाणे घरात. शनिवारचा पिक्चर आमच्या दोघींचा अजून चालू होता. त्याच सुमाराला रोह्यातल्या एका साप्ताहिकात तिनं सदर सुरू केलं, नुकत्याच बघितलेल्या पिक्चरवर. ते साप्ताहिक पेणला येत नव्हतं. मला ती कधी बोलली नाही. तीन वर्षं दर शनिवारी माझ्यासमोर बसून चहा प्यायली आणि बोलली नाही.

आता तो पिक्चर सांगते ज्याच्यावरून सगळं झालं. एका तरुण बाईचं तान्हं मूल तापात जातं. ती बाई आधी डोकं आपटते, मग बांगड्या फुटतात, मग पाळण्याची दोरी धरून गाणं म्हणते, गाण्यात मधेच पाऊस येतो. सगळी टॉकीज हुंदके देत होती. सुमनचा रुमाल ओला झाला होता. मी कोरडी बसले होते. बाहेर आल्यावर स्टँडवर चहा आला आणि सुमन वाट बघत होती की मी आता काय बोलते. मग जे बोलले ते मी पंचेचाळीस वर्षांत कुणाशी बोलले नव्हते.

माझी पहिली मुलगी शकू, चौदा महिन्यांची होऊन गेली. वैशाख होता. तीन दिवस ताप होता, डॉक्टरचं औषध चालू होतं. त्या दिवशी पहाटेच मी पापडाचं पीठ भिजवून कुटून ठेवलं होतं, एका लग्नघरचं काम होतं, बायका अकराला यायच्या होत्या. दहाच्या सुमाराला शकू सासूबाईंच्या मांडीवर गेली. पुरुषमाणसं तिला घेऊन गेली. लहान मूल म्हणजे काही करायचं नसतं, नेतात आणि पुरून येतात. घर रिकामं झालं. ओल्या फडक्याखाली पीठ तसंच होतं. पापडाचं पीठ त्याच दिवशी लाटावं लागतं, राहिलं तर आंबतं आणि लाल पडतं. बायका दारापर्यंत आल्या आणि कळल्यावर परत फिरायला लागल्या. मी म्हटलं, "बसा. लाटूया." त्या बसल्या. मी दोऱ्यानं लाट्या कापल्या आणि संध्याकाळपर्यंत आम्ही सगळं पीठ संपवलं. मी रडले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही नाही. सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. गावाकडे मला दगड म्हणाले.

हे सगळं सुमनला ठाऊक होतं. ती तेव्हा सोळा वर्षांची, त्याच घरात होती. पण मी माझ्या तोंडानं कधी बोलले नव्हते. स्टँडवर मी तिला एवढंच म्हटलं, "वन्सं, मला रडू आलंच नाय. लोकांना वाटतं मी दाबलं. दाबायला काही नव्हतंच. हात चालत होते तोवर मी होते. थांबले असते तर काय झालं असतं ते मला ठाऊक नाय." त्या दिवशी पहिल्यांदा ती हसली नाही. चहा तसाच ठेवून गाडीला गेली. मला बरं वाटलं. एका माणसाला सांगून झालं, आता पुन्हा सांगायला नको, असं वाटलं.

वर्षभरानं महेशचं लग्न रोह्याला झालं. मांडवात मी सुपाऱ्या वेगळ्या करत बसले होते. एक बाई आली, सुमनच्या शाळेत शिकवणारी. माझ्यासमोर बसली आणि एकदम माझे दोन्ही हात हातात घेतले.

"तुम्ही वहिनी ना? सुमनबाईंच्या वहिनी?"

"व्हय. का गो?"

"मी नेहमी तुम्हाला वाचते. तुमच्यामुळे आम्ही मास्तरणी किती हसलो. पण ते पापडाचं वाचलं ना... शाळेत सगळ्या जणी रडल्या. शेवटची लाटी लाटून तुम्ही पोळपाटावर डोकं ठेवलंत, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही."

मी म्हटलं, "कुठल्या पोळपाटावर?"

ती गोंधळली. मी मांडवात बघितलं. सुमन जिलबीचं ताट घेऊन पंगतीत वाढत होती. तिनं आमच्याकडे बघितलं, त्या बाईच्या हातात माझे हात बघितले आणि ताट दुसरीच्या हातात देऊन आत निघून गेली. तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे आणि ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. महेशला ठाऊक होतं, नव्या नवरीच्या माहेरी ठाऊक होतं. नवरीची आजी मला बघून म्हणाली, "हीच काय ती चौथी पास वहिनी," आणि प्रेमानं हसली. तिचा काही दोष नव्हता.

लग्न उरकल्यावर मी महेशकडून ती सगळी कात्रणं मागून घेतली. पेणला आणून आठवडाभर वाचली. मी हळू वाचते, ओळीवर बोट ठेवून. सुरुवातीची वाचून मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. भुताचं पातळ होतं, मिठागर होतं, किडनी होती. शब्द माझेच होते, जागच्या जागी होते, तिनं कान देऊन ऐकलं होतं. पण प्रत्येक लेखात सुरुवातीला "आमची चौथी पास वहिनी" असं यायचं आणि मग माझं बोलणं यायचं. वर ती स्वतः दिग्दर्शन, छायाचित्रण असं काहीतरी लिहायची, खाली गंमत म्हणून मी. माझं नाव यमुना आहे. साठ-सत्तर लेखांत ते एकदाही नव्हतं. तेही मी गिळलं असतं. घरातल्या माणसानं घरातलं बोलणं बाहेर नेलं, नेऊ दे.

मग तो लेख आला. स्टँडवर बोलले होते ते सगळं होतं. पीठ, ओलं फडकं, दारातल्या बायका, "बसा, लाटूया." आणि शेवटी असं होतं की शेवटची लाटी लाटून झाल्यावर वहिनीनं पोळपाटावर डोकं ठेवलं आणि ती ढसाढसा रडली, आणि त्या पापडात तिचे अश्रू उतरले.

मी ते चार वेळा वाचलं. पोळपाटावर पाण्याचा थेंब जरी पडला तरी पापड चिकटतो आणि उचलताना फाटतो. हे सोळाव्या वर्षी पापड उचलणाऱ्या मुलीला ठाऊक होतं. म्हणजे तिनं न समजून लिहिलं नव्हतं. ज्या गोष्टीवर मी पन्नास वर्षं टॉकीजमध्ये बसून हसले तीच गोष्ट तिनं माझ्या अंगावर घातली. रडत नाही ती आई नाही, म्हणून रडवली.

कात्रणं घेऊन मी रोह्याला गेले. सुमनची खोली कुंडलिकेच्या अंगाला, खिडकीतून नदीपलीकडची झाडं दिसतात. ती पोहे निवडत बसली होती. मी कात्रण तिच्या सुपात टाकलं.

"वन्सं, हे काय?"

"मजा म्हणून लिहायचे गो वहिनी. तुझ्या बोलण्यात मीठ असतं. लोक मागायचे."

"मजेचं राहू दे. हे रडण्याचं काय?"

तिनं कात्रणाखालचे पोहे निवडायला घेतले. मग म्हणाली, "लोकांना कळलं नसतं."

"काय कळलं नसतं?"

"आई रडली नाय हे. तुला दगड म्हटलं असतं."

"म्हटलंय मला. तुमच्या आईनंच म्हटलंय. मी काय मेले नाय त्यानं."

"मला ते सहन झालं नाय."

"तुला कोणी सहन करायला सांगितलं होतं, सुमन?"

नावानं हाक मी तिला आयुष्यात पहिल्यांदा मारली. आम्हा दोघींनाही ते ऐकू आलं. तिनं सूप बाजूला ठेवलं. मी तिला सांगितलं की हे खोटं होतं असं छापून आण. वहिनी रडली नव्हती, ते मी माझ्या मनानं लिहिलं, अशा दोन ओळी. बाकी काही नको. ती म्हणाली, "लिहिते." गणपतीत विचारलं, म्हणाली, लिहिते. दिवाळीत विचारलं, म्हणाली, संपादक गावाला गेलेत. होळीच्या आधी विचारलं तेव्हा म्हणाली की साप्ताहिकच बंद पडलं. बंद पडलं होतं हे खरं. पण त्याआधी तिचे सात लेख आले होते, मी महेशकडून मागवून बघितले. त्या दोन ओळी कुठे नव्हत्या. वहिनीही नव्हती. वहिनी नसलेले ते लेख अगदी बेचव होते, हे सांगायला मला वाईट वाटत नाही.

त्यानंतर मी तिच्याबरोबर पिक्चर बघितला नाही. अकरा वर्षं. ती पहिली काही वर्षं शनिवारी यायची, जेवायची. अडीच वाजले की म्हणायची, "वहिनी, जायचं काय गो?" मी म्हणायचे, पाय दुखतात. माझे पाय तेव्हा ठणठणीत होते. ती एकटीच टॉकीजला जायची आणि परस्पर गाडी पकडायची. मग टॉकीजही बंद झाली आणि तिचं येणंही. सणावाराला भेट व्हायची, नमस्कार-चमत्कार, कशा आहात, बरी आहे. लोक अजूनही भेटायचे. बाजारात एक, देवळात एक. माझा हात दाबायचे आणि डोळ्यांत पाणी आणायचे. त्यांना खरं सांगायला गेले की म्हणायचे, "मोठं मन आहे हो तुमचं, रडण्याचं पण सांगत नाही." छापलेलं खरं धरतात. समोर उभ्या असलेल्या बाईचं कोण ऐकतो.

ती आजारी पडली म्हणून महेशनं मला गाडी पाठवली. जाताना वाटेत मी ठरवलं होतं की त्या विषयावर बोलायचं नाही, मरणाऱ्या माणसाकडून ओळी लिहून घेण्यात काही अर्थ नाही. ती खाटेवर, उशांना टेकून. अंगात काही राहिलं नव्हतं, फक्त चश्मा पूर्वीएवढा होता. मी खुर्ची ओढून बसले. महेश औषध आणायला गेला.

"कुठला बघितलास?" ती म्हणाली. पहिलं वाक्य हे.

मी सांगितलं. नातसून मोबाईलवर लावते तो. त्यात एक माणूस दोनशे जणांना एकटा मारतो आणि त्याच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही. मी म्हटलं, "त्याच्या इस्त्रीवाल्याचा पत्ता मिळाला तर बघा." ती हसली. हसता हसता ठसका लागला, मी पाणी पाजलं. अकरा वर्षांत मी तिला हसवलं नव्हतं. ठसका थांबल्यावर ती माझ्याकडे न बघता बोलली.

"वहिनी, त्या दिवशी मागच्या पडवीत कोण होतं, ठाऊक हाय तुला?"

"कुठल्या दिवशी?"

"शकूच्या."

"नाय."

"मी होते. तुम्ही अंगणात लाटत होता. आई म्हणाली, तू रडत बसू नको, वहिनीला पापड उचलून दे. मी उचलून नेत होते. पुढचं अंगण भरलं तेव्हा मागे पडवीत चादर घातली. तिथे पापड घालत होते आणि रडत होते. तोंडात पदर कोंबून. तू एकदाही मागे आली नाहीस." तिनं चश्मा काढला. "शकूला मीच खेळवायचे गो. माझ्याच अंगावर झोपायची. ते रडणं माझं होतं."

मी म्हटलं, "मग तुझ्या नावावर लिहायचं होतंस."

"आत्याचं रडणं कोण वाचतो," ती म्हणाली. "आईचं वाचतात."

मी तिची चादर सारखी केली. महेश आला, औषध दिलं, मी निघाले. मी दारात पोचले तेव्हा ती म्हणाली, "चिडली आहेस अजून?" मी "व्हय" म्हटलं. "बरोबर हाय," ती म्हणाली. हे आमचं शेवटचं बोलणं. पुढे बारा दिवसांनी तिनं चहा मागितला.

लोकांना वाटतं की आता मी माफ केलं असेल. केलेलं नाही. माझ्याकडे होतं ते एकच होतं, मी त्या दिवशी जशी होते तशी. तेवढं तिनं घेतलं आणि त्याच्या जागी दुसऱ्याच बाईला बसवलं, आणि ती बाई माझ्यापेक्षा लोकांना जास्त आवडली. मला न विचारता. पण दहाव्याला मी तिच्या खोलीत बसले होते तेव्हा एक गोष्ट मनात आली ती लिहिते. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या दिवशी घरात शकूसाठी कुणीच रडलं नाही. सासूबाई माझ्यावर रागावण्यात गुंतल्या होत्या, हे परत आले ते भिंतीकडे तोंड करून झोपले, मी लाटत होते. माझं पोर कुणी न रडता गेलं, असं मी धरून चालले होते आणि त्याचं मला कुठेतरी टोचत होतं. तसं नव्हतं. पडवीत एक जण होती. हे तिनं मला तेव्हाच, निदान स्टँडवर तरी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तिनं ते मला सांगितलं नाही. रोह्याला सांगितलं, आणि तेही माझ्या नावानं.

हे लिहून झाल्यावर मी नातसुनेकडून वर्तमानपत्राच्या पुरवणीला पाठवलं. तिथल्या बाईंचा फोन आला. चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, आजी, छान लिहिलंय, थोडी भाषा सारखी करून घेऊ आणि शेवट जरा हळवा करू, चालेल ना? मी त्यांना सांगितलं ते इथेही लिहून ठेवते. ऱ्हस्व-दीर्घ सुधारा, मला येत नाही. लांबलं असेल तर किडनीचं काढा. पण माझ्या डोळ्यांत पाणी घालू नका. मी शकूसाठी रडले नाही, सुमनसाठीही रडलेली नाही.

आणि लेखात रडणारं माणूस लागतच असेल तर आहे. सोळा वर्षांची, मागच्या पडवीत, तोंडात पदर कोंबून ओले पापड पसरणारी. त्या दिवशी आमच्या घरात सुमन रडली. तेवढं तिच्या नावानं छापा.